गोंद थेंबाने मोजा : कागदी प्रतिकृतींसाठी हत्याराची निवड

इंद्रायणीकाठच्या आंबी गावात माझा भाचा कागदाच्या प्रतिकृती बनवतो. तळेगाव दाभाड्याच्या बाजूला एम.आय.डी.सी. वाढली, आंबीत डी. वाय. पाटील यांच्या संस्थेची कॉलेजे आली, आणि विद्यार्थ्यांना प्रोजेक्टसाठी कार्डशीट कापून देता देता या पोराच्या हाताला हा हुनर लागला. २०२५ च्या जुलै महिन्यात युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यात आपल्या मावळातला लोहगड आहे. महिन्याभरात पुण्याच्या एका विक्रेत्याने भाच्याला लोहगडाच्या दरवाजांच्या ६० प्रतिकृतींची ऑर्डर दिली. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा, असे चार दरवाजे आणि मधला वळणाचा रस्ता. कागद घ्यायला काही पैसे आगाऊ मिळाले. पोराने रात्री जागून माल पुरा केला.

६० नग गेले आणि २२ नग परत आले. काहींच्या तटबंदीवर गोंदाचे चकाकणारे डाग, काहींच्या कमानी वाकलेल्या, आणि काहींच्या भिंती कोपऱ्यातून उघडलेल्या. आगाऊ पैसे कागदात गेलेले होते. बहीण म्हणू लागली, "भाईजान, आता याला एखाद्या कंपनीत लावून द्या, हे कागदाचे खेळ पुरे झाले."

भाचा आधी म्हणाला, "मामू, कागद हलका निघाला." मग म्हणाला, गोंद भेसळीचा असेल. मी कापडाचा माणूस आहे, पण माल परत येणे म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. तासभर त्याच्या शेजारी बसून नुसते पाहिले. कागद ठीक होता, गोंदही ठीक होता. खोट बाटलीच्या तोंडात होती. गोंद लवकर यावा म्हणून त्याने टोपणाची नळी पात्याने वरून कापून टाकली होती. भोक झाले होते ३ मिलिमीटरचे, आणि ज्या पट्टीवर गोंद लावायचा ती पट्टी ५ मिलिमीटरची. ३ मिलिमीटरची धार दाबली की पसरून दुप्पट होते. म्हणजे गोंद बाहेर येणारच. आला की तो बोटाने पुसायचा, त्याचा डाग व्हायचा. डागाला घाबरून पुढच्या पट्टीवर तो मधोमध एकच टिपका टाकायचा, मग पट्टीची टोके कोरडी राहायची आणि दोन दिवसांनी उघडायची. एकाच बाटलीतून जास्त गोंदाचा दोष आणि कमी गोंदाचाही दोष.

डबे बनवणारे, पतंगवाले, बुकबाइंडर, लग्नाच्या पत्रिकांचे काम करणारे, असे कितीतरी कारागीर आपल्या समाजात कागद आणि गोंदावर पोट भरतात. कागद कोणता घ्यावा यावर आपण तासभर घासाघीस करतो. गोंद कशाने लावावा हे मात्र कोणी विचारत नाही. म्हणून हा लेख.

आधी गोंद कागदात काय करतो ते पाहू. आपण जो पांढरा गोंद वापरतो, म्हणजे फेविकॉलच्या जातीचा, तो पॉलिव्हिनाइल अॅसिटेट या रसायनाचे बारीक कण पाण्यात मिसळून केलेला असतो. फेविकॉल बाजारात आले १९५९ साली. त्याआधी खळ, डिंक आणि सरस हेच होते. सरस जनावरांच्या कातडी-हाडांचा असतो आणि कोणत्या जनावराचा हे दुकानदारालाही माहीत नसते, त्यामुळे आपले पुष्कळ जुने कारागीर त्यापासून दूर राहत. असो. पांढऱ्या गोंदातले पाणी काही कागदात शिरते, काही हवेत उडते, आणि राहिलेले कण एकमेकांना चिकटून पातळ पडदा तयार होतो. म्हणून हा गोंद सुकल्यावर पारदर्शक दिसतो. पकड पडद्याची आहे, आणि पडदा पातळ असला तरी पुरतो, फक्त तो पट्टीभर सगळीकडे पोहोचला पाहिजे. जास्त गोंद म्हणजे जास्त पाणी. पाण्याने कागदाचे तंतू फुगतात, ते लांबीला फारसे वाढत नाहीत पण जाडीला वाढतात. त्यामुळे कागद एका दिशेने ताणतो आणि कमान वाकते. कापडात ताणा-बाणा असतो तसाच कागदालाही कल असतो. कागद दोन्ही दिशांनी हलका वाकवून पाहा, ज्या दिशेने तो सहज वळतो त्या वळणाच्या रेषेला समांतर त्याचे तंतू असतात. गोल कमान कापायची तर ती सहज वळणाऱ्या दिशेने वळेल अशी कापावी.

दुसरी गोष्ट कागदाच्या खळीची. आपल्या पुणे जिल्ह्यातले जुन्नर आणि तिकडे दौलताबादजवळचे कागजीपुरा ही हातकागदाची जुनी ठिकाणे आहेत. पुण्याच्या कसबा पेठेत कागदीपुरा हे नाव अजून आहे. हा कागजी लोकांचा, म्हणजे आपल्याच लोकांचा धंदा होता. कागजी आपल्या कागदाला खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटत, त्यामुळे शाई पसरत नसे. आजच्या गिरणीच्या कागदालाही अशी खळ कमी-जास्त असते. ती ओळखायची रीत सोपी आहे. तुकड्यावर पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंब मण्यासारखा उभा राहिला तर कागद गोंद हळूहळू पितो आणि तुम्हाला जुळवायला वेळ मिळतो. थेंब लगेच शिरला तर त्या कागदाला घट्ट गोंद आणि बारीक हत्यार पाहिजे, नाहीतर डाग दुसऱ्या बाजूला दिसेल. मी हा धडा जॉर्जेटवर शिकलो. तरुणपणी दुकानाच्या शेड कार्डावर कापडाचे तुकडे स्वतः चिकटवले, गोंद आरपार आला, आणि गिऱ्हाइकांना तो कापडाचाच दोष वाटला.

आता हत्यारे. पहिले हत्यार अल्लाहने दिलेले, म्हणजे बोट. पतंगवाल्याला बोटाने लेई लावताना पाहिले असेल. एका ओढीत काठ भरतो, दुमडतो आणि पुढचा पतंग घेतो. तिथे बोट बरोबर आहे, कारण लेई घट्ट असते, काठ सरळ आणि लांब असतो, आणि पतंगी कागद इतका पातळ की वाळल्यावर लेई दिसत नाही. पण ५ मिलिमीटरच्या पट्टीवर बोट चालत नाही, ते पट्टीपेक्षा रुंद आहे. शिवाय गोंदाचे बोट लगेच दुसऱ्या जागी लागते आणि तिथे ठसा उमटतो. लेईत कीड लागू नये म्हणून जुने लोक मोरचूद घालतात. ते विषारी आहे, अशा लेईत पोरांना हात घालू देऊ नये.

दुसरे हत्यार ब्रश. मोठ्या सपाट जागेला, म्हणजे पुठ्ठ्यावर छापील कागद चढवायला, याच्यासारखे काही नाही. त्यासाठी पाव किंवा अर्धा इंचाचा चपटा ब्रश घ्यावा. बारीक पट्टीसाठी १ किंवा २ नंबरचा गोल. बाजारात जे पांढरट कडक केसांचे चपटे ब्रश मिळतात त्यातले बरेच डुकराच्या केसांचे असतात, हे आपल्या पुष्कळ कारागिरांना माहीत नसते. शरई हुकूम आलिम सांगतील, पण घ्यायचे की नाही हे ठरवायला आधी कळले तरी पाहिजे. कापडवाले सूत जाळून ओळखतात तीच रीत इथे चालते. ब्रशाचा एक केस उपटून काडीला लावा. केस असेल तर जळक्या केसांचा वास येतो आणि राख चुरगळते. नायलॉन असेल तर वितळून टोकाला कडक गोळी होते. मात्र या परीक्षेने केस की नायलॉन एवढेच कळते, केस कोणत्या जनावराचा ते कळत नाही. म्हणून सरळ नायलॉनचा ब्रश मागावा. गोंदाच्या कामाला तो तसाही बरा, कारण नायलॉन केसापेक्षा कमी पाणी पितो, तासभर काम केले तरी त्याचा ताठपणा फारसा जात नाही आणि धुतला की स्वच्छ होतो. ब्रश कोरडा गोंदात बुडवू नये. आधी पाण्यात भिजवून फडक्याने टिपून घ्यावा, म्हणजे केसांच्या मुळाशी गोंद वाळून बसत नाही.

तिसरे हत्यार फुकटचे आहे. दात कोरायची काडी, टाचणी, आणि कार्डशीटचाच पाव इंच रुंद तुकडा. बशीत थोडा गोंद घ्यायचा, काडीने उचलायचा, पट्टीवर ठेवायचा आणि कार्डाच्या तुकड्याने एकदाच ओढून सारखा करायचा. ओढताना जास्तीचा गोंद तुकड्यावर येतो, तो बशीत परत. एखाद-दुसरा नग करणाऱ्याला याहून जास्त खर्च करायची गरज नाही. पण ६० नगांना काडी परवडत नाही, कारण काडी प्रत्येक वेळी वेगवेगळा थेंब उचलते, आणि बशीतला गोंद वाऱ्याने घट्ट होत जातो. सकाळचा नग आणि दुपारचा नग सारखा येत नाही.

थेंब नेहमी सारखा हवा असेल तर सुईचे एक हत्यार घरी बनते. रफूची जाड सुई घ्या, तिच्या डोळ्याचे वरचे टोक कानसीने घासून उडवा, म्हणजे डोळ्याचे दोन दात राहतील, चिमट्यासारखे. टोकाची बाजू लाकडी दांड्यात ठोकून बसवा. हे दात बुडवले की त्यात दर वेळी साधारण तेवढाच थेंब अडकतो आणि कागदाला लावला की उतरतो. बुरुजावरचा झेंडा, खिडकीची जाळी, मिनाराच्या टोकावरचा चाँद, अशा जागी हे उत्तम चालते. झटपट चिकटणारा पाण्यासारखा पातळ गोंद वापरायचा झाला तर तो याच सुईने लावावा, नळीतून थेट कधीच नाही. तो कागदात झटकन पसरतो, जवळ पांढरी झाक उठते, आणि बोट चिकटले तर कातडी निघते.

आता ज्याने भाच्याचे काम सुधारले ते हत्यार, म्हणजे सिरिंज. औषधाच्या दुकानात मिळते तीच, पण नवी आणि सीलबंद. दवाखान्यातली वापरलेली सुई कोणी फुकट दिली तरी घेऊ नये, त्यात आजार आहेत. सिरिंज २ मिलिलिटरची घ्यावी. लोक १० मिलिलिटरची घेतात, सारखी भरावी लागू नये म्हणून. पण मोठ्या नळीचा दट्ट्या रुंद, त्याला अंगठ्याचा जोर जास्त लागतो, आणि दट्ट्या केसभर सरकला तरी गोंद भसकन येतो. लहान नळीत तोच अंगठा हलक्याने चालतो.

सुईचे नंबर उलटे असतात. नंबर मोठा तितकी सुई बारीक, आपल्या सुताच्या काउंटसारखे. सुईच्या बुडाचा रंग जगभर एकाच पद्धतीने ठरलेला आहे. १८ नंबर गुलाबी, बाहेरून १.२ मिलिमीटर. २१ नंबर हिरवा, ०.८ मिलिमीटर. २३ नंबर निळा, ०.६ मिलिमीटर. आतले भोक अर्थातच त्याहून लहान. कागदकामासाठी मिळणारा पातळसर पांढरा गोंद १८ नंबरातून न मिसळता चालतो. हिरव्या सुईला थोडे पाणी घालावे लागते, निळ्या सुईला आणखी. इथे लोभ आवरावा. नळीचे भोक निम्मे केले तर तेवढ्याच जोराला पाण्यासारखा द्रव सोळाव्या हिश्शाने येतो. गोंद तर पाण्याहून घट्ट. म्हणून फार बारीक सुई घेतली की माणूस गोंदात पाणी ओतत जातो, आणि मग पकडही जाते आणि कागदही वाकतो. ५ मिलिमीटरच्या पट्टीला गुलाबी सुई पुरे. कार्डशीटच्या नुसत्या कडेवर, जिथे पट्टीच नाही, तिथे हिरवी. इन्सुलिनची सुई या कामाची नाही.

सुईचे तिरपे टोक तसेच ठेवू नये. ते कागदाचे तंतू ओरबाडते, गोंद एका बाजूला सोडते आणि बोटात शिरते. धार लावायच्या दगडावर सुई उभी धरून, फिरवत फिरवत टोक सपाट घासावे. मग भोकात बारीक तार फिरवून कीस काढावा आणि पाण्याने धुवावी. छपाई यंत्राच्या शाईची कार्ट्रिज भरायला बोथट सुया मिळतात, त्या मिळाल्या तर ही मेहनत वाचते. भरताना दट्ट्या काढून मागून गोंद ओतावा, सुई वर करून हवा काढावी, मगच काम सुरू करावे. हवेचा बुडबुडा राहिला तर तो दाबाने आकसतो, अंगठा सोडल्यावर फुगतो आणि गोंद आपोआप गळत राहतो. "मामू, मी दाबत नाही तरी येतोय," असे भाचा म्हणत होता, ते याच बुडबुड्यामुळे.

काम थांबले की सुईचे तोंड ओल्या स्पंजात खोचून ठेवावे. भोकात साधी टाचणी घालू नये, ती गंजते आणि पुढच्या नगावर पिवळी रेघ येते. स्टीलची, न गंजणारी तार असेल तर चालेल. वाळून बसलीच तर सुई कोमट पाण्यात भिजत टाकावी. सिरिंजमध्ये रबर सोल्यूशन भरू नये, त्यातल्या द्रावकाने दट्ट्याचे रबर फुगून तो अडकतो. रबर सोल्यूशनने कागद वाकत नाही हे खरे, कारण त्यात पाणी नाही. पण ते वर्षा-दोन वर्षांत पिवळे पडते, आणि त्याची वाफ पेट घेते. बंद खोलीत, चुलीजवळ ते उघडू नये. टाकायच्या सुया झाकणाच्या डब्यात जमवाव्यात, घरात लहान मुले असतात.

गोंदाची कांडी मी यात धरलीच नाही. शाळेच्या वहीला ठीक आहे.

मावळात पावसाचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. भाच्याची ऑर्डर ऑगस्टची होती. हवा ओली असली की गोंदातले पाणी उडत नाही, कागदातच मुरते आणि पट्टी तासभर सरकत राहते. उन्हाळ्यात जो थेंब माफ होतो तो पावसाळ्यात होत नाही. ताबूत बनवणाऱ्यांना हे चांगले ठाऊक आहे. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे उंच ताबूत प्रसिद्ध आहेत, बांबूच्या सांगाड्यावर कागद, आणि त्यात हिंदू-मुसलमान दोघांचा हात असतो. चांद्र वर्षामुळे मोहरम दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२४ मध्ये आशुरा १७ जुलैला आला, २०२५ मध्ये ६ जुलैला. म्हणजे या वर्षांत कागद चढवण्याचे काम ऐन पावसाच्या तोंडावर येते. ताबुतांच्या दीनी बाजूवर बोलणे माझे काम नाही, मी कारागिरीचे सांगतो. ओल्या हवेत गोंदात पाणी घालायचे नाही, एका वेळी एकच सांधा लावायचा, आणि तो कपड्यांच्या चिमट्याने धरून ठेवायचा. चिमट्याखाली मेणकागदाचा तुकडा ठेवावा, नाहीतर चिमटाच चिकटतो.

खर्चाचे म्हणाल तर गोंद कमी लागतो हा फायदा लहान आहे, खरा फायदा परत न येणाऱ्या मालाचा. तरी मी भाच्याला वजनकाट्यावर हिशेब ठेवायला लावले. काम सुरू करताना भरलेली सिरिंज तोलायची, दहा नग झाल्यावर पुन्हा तोलायची. दहा नगांना किती ग्रॅम गेला ते वहीत लिहायचे. आकडा अचानक वाढला तर समजावे की सुई रुंद घासली गेली किंवा हात घाईत आहे. कमी झाला तर पट्ट्या कोरड्या राहत आहेत, त्या दहा नगांचे कोपरे तिथेच उघडून पाहावेत. माल गिऱ्हाइकाच्या दुकानात उघडण्यापेक्षा आपल्या टेबलावर उघडलेला बरा.

आता त्याच्या टेबलावर तीनच हत्यारे आहेत. तळाच्या पुठ्ठ्याला नायलॉनचा चपटा ब्रश, पट्ट्यांना गुलाबी सुईची सिरिंज, आणि झेंड्याला रफूची सुई. परत आलेल्या २२ नगांपैकी ९ दुरुस्त होऊ शकले. उघडलेल्या सांध्यात बोथट सुई आत घालून गोंद सोडता आला म्हणून ते वाचले. डागाळलेले आणि वाकलेले १३ फुकट गेले, त्यांचे पैसे अजून वसूल झालेले नाहीत. विक्रेत्याने दुसऱ्या वेळी २० नगांचीच ऑर्डर दिली, आगाऊ काही न देता. त्यातला एक परत आला, तोही वाटेत दबला म्हणून. कंपनीतल्या नोकरीचा अर्ज बहिणीने भरून ठेवलेला आहे, तो तिने अजून फाडलेला नाही.